व्याह्यांनी दिलेले फिल्टर

मास्तरांच्या दुकानात शिरलं की आधी नव्या रेक्झीनचा वास येतो, मग चिकटवायच्या सोल्यूशनचा. मास्तर त्यानंतर दिसतात, कारण बहुतेक वेळा ते कुठल्यातरी सीटखाली आडवे असतात. गाड्यांच्या सीटा शिवणं हा त्यांचा धंदा. टॅक्सीच्या, बसच्या, एकदा तर एका दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीचीही त्यांनी पाठ शिवली आहे. फोमचा तुकडा दोन बोटांत दाबून तो किती टिकेल हे ते सांगतात, आणि अंदाज चुकला तर गिऱ्हाइकाला फुकट बदलून देतात. अधूनमधून चुकतो.

दुकानामागच्या शेडमध्ये त्यांची स्वतःची गाडी उभी असते. जुनी, फिकट हिरवी, चार दारांची, गोलसर बोनेटची. लेकीच्या जन्माआधी घेतलेली. त्यामुळे बायको तिला ‘तुमची थोरली’ म्हणते आणि लेक सरळ ‘ताई’ म्हणते. इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून द्यायला दोन कार्ब्युरेटर, त्यांच्या तोंडावर कारखान्याने बसवलेला एक पत्र्याचा लांबट डबा, आणि डब्यात कागदी फिल्टर. डब्याचा एक कोपरा चेपलेला आहे. तो मास्तरांकडूनच चेपला, आणि त्याबद्दल विचारलेलं त्यांना आवडत नाही.

गेलं वर्षभर त्यांच्या डोक्यात या डब्याचं काय करायचं हे घोळत होतं. जुन्या गाड्यांचं एक मंडळ आहे. ते वर्षातून एकदा गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीच्या चढावर गाड्या सोडतं, एकामागून एक. घड्याळ लावतात, पण बक्षीस नसतं. वर पोचलेल्यांना चहा मिळतो आणि न पोचलेल्यांना वाटेत नेऊन देतात. ताई दरवर्षी पोचते. पण शेवटच्या वळणानंतर तिला धाप लागते, आणि ती धाप मास्तरांच्या मनाला लागते.

मोकळा श्वास घेऊ देणारे फिल्टर बाजारात बरेच मिळतात. मास्तरांनी सगळ्यांची माहिती काढली होती. कागदी फिल्टर बारीकातली बारीक धूळ अडवतो, पण लवकर तुंबतो आणि मग फेकूनच द्यावा लागतो. फोमचा फिल्टर तेलात भिजवून लावायचा, मळला की धुवायचा. त्याची बाजू कुणी घेतली की मास्तर म्हणायचे, “फोम मी आयुष्यभर बसायला विकलाय. श्वास घ्यायला नाही विकणार.” जुना फोम हातात घेतला की त्याचा भुगा होतो हे त्यांनी रोज पाहिलेलं, आणि तो भुगा इंजिनात जाताना त्यांना डोळ्यांपुढे दिसायचा. तिसरा प्रकार सुती जाळीचा, तोही तेल लावलेला, टोकाला निमुळता होत गेलेला. तो सगळ्यात मोकळा. पण त्यासाठी पत्र्याचा डबा काढावा लागतो, आणि डबा नसला की इंजिन बोनेटखालची तापलेली हवा ओढतं. तापलेली हवा विरळ. म्हणजे एका हाताने घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने सोडायचं.

“नवरा निवडताना मी एवढा विचार केला नव्हता,” बायको म्हणाली. ती सार्वजनिक तलावावर पोहायला शिकवते. पाण्याच्या पलीकडच्या काठापर्यंत ऐकू जावं म्हणून कमावलेला तिचा आवाज घरातही तेवढाच असतो.

“ते दिसतंच आहे,” मास्तर म्हणाले, आणि पुन्हा डब्याकडे बघत बसले.

निर्णय शेवटी व्याह्यांनी केला.

व्याही, म्हणजे लेकीचे सासरे, यांनी औषधांचं दुकान चालवून आता ते मुलाच्या हाती दिलं आहे. त्यांच्याकडेही एक जुनी गाडी आहे, लाल, आणि तिला नेमकं ताईसारखंच इंजिन आहे. लग्न ठरलं त्या बैठकीत दोन्ही घरचे लोक तारखा बघत असताना हे दोघं बाहेर जाऊन बोनेट उघडून उभे होते. देणं हा व्याह्यांचा स्वभाव आहे, विचारून देणं हा नाही. साखरपुड्याला त्यांनी मास्तरांच्या बायकोला ब्लड प्रेशर मोजायचं यंत्र दिलं होतं. मास्तरांच्या वाढदिवसाला ते काखेत खोका घेऊन आले.

“व्याहीबुवा, उघडा. आत्ताच्या आत्ता उघडा.”

खोक्यात सुती जाळीचे दोन निमुळते फिल्टर होते. लाल जाळी, पुढे आरशासारखी चकचकीत टोपी. दोन कार्ब्युरेटरना दोन.

“ताईला आमच्याकडून!” व्याही म्हणाले. “आता बघा, उडते की नाही. आणि हे बघा, माझा गिअरबॉक्स खोलून पडलाय, तो काही खाणीच्या चढापर्यंत तयार होत नाही. म्हणून या वर्षी मी तुमच्या शेजारी बसणार. फिल्टरचा आवाज ऐकायला.”

मास्तरांनी आभार मानले. ते मनापासून होते. सकाळच्या पाळीला लेक एक्स-रे विभागात जाते तेव्हा तिचा डबा हा माणूस स्वतः भरतो, हे मास्तर विसरत नाहीत. लग्नाला आता बरेच दिवस झाले होते, तरी या घरातून त्या घराला किंवा त्या घरातून या घराला अजून कुणी ‘नाही’ म्हटलेलं नव्हतं. पहिलं ‘नाही’ आपल्याकडून जाऊ नये एवढीच मास्तरांची इच्छा होती.

फिल्टर आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये गॅस्केट बसतं, म्हणजे सांध्यातून हवा फुटू नये म्हणून जाड कागदाची कापलेली चकती. खोक्यात दोन गॅस्केट होती, पण पातळ, आणि एकाचा काठ दुमडलेला. मास्तरांनी नाक मुरडलं. दुकानात चांगल्या गॅस्केट-कागदाचा गुंडाळा होता, आणि साचा ठेवून कापणं म्हणजे त्यांच्या हातचा मळ. डबा उतरवून, त्याचं जुनं गॅस्केट साच्यासारखं ठेवून त्यांनी दोन नवी कापली, भोकं पाडायच्या पंचाने भोकं पाडली, फिल्टर चढवले आणि गाडी सुरू केली.

बायको तलावावरून ओल्या केसांनी येत होती. ती फाटकातच थांबली. “कुणाचा ट्रक आलाय?”

“ताई आहे.”

“सर्दी झालीय का तिला?”

मास्तरांची गाडी तपासायची एक पद्धत आहे. दुकानासमोरून पाण्याच्या टाकीपर्यंत सरळ चढ जातो. रविवारी सकाळी रस्ता मोकळा असतो. बसथांब्यापासून तिसरा गिअर टाकायचा, पाय पूर्ण दाबायचा, आणि इंजिन कण्हायला लागून दुसरा गिअर टाकावा लागेपर्यंत गाडी कुठवर ओढते ते बघायचं. वाटेत आधी बेकरी लागते, मग दातांच्या डॉक्टरांची पाटी, मग लॉन्ड्रीचं निळं दार, आणि वर शाळेचं फाटक. डबा लावलेली ताई निळ्या दारापर्यंत जाते. नवे प्लग, नव्याने जुळवलेलं टायमिंग, हवा भरलेले टायर, सगळं मास्तरांनी याच चढावर मोजलं आहे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून. लॉन्ड्रीवाल्या बाई रविवारी दारात उभ्या राहून हात करतात.

फिल्टर लावलेली ताई गर्जना करत निघाली आणि बेकरीपाशी बसली. पुन्हा खाली जाऊन पुन्हा आणली. पुन्हा बेकरी. वर निळ्या दारात बाई हात अर्धा उचलून उभ्या राहिल्या आणि मग आत गेल्या.

प्लग काढून पाहिले तर काजळीने काळे, म्हणजे पेट्रोल आधीच जास्त. मास्तरांनी ऐकलं होतं की मोकळा फिल्टर लावला की जास्त हवा येते, मग पेट्रोलही जास्त लागतं. त्यासाठी कार्ब्युरेटरमधली निमुळती सुई बदलून थोडी बारीक घालायची, म्हणजे तिच्याभोवतून पेट्रोल जास्त सुटतं. प्लग उलटंच सांगत होते, तरी त्यांनी सुया बदलल्या. आता ताई बेकरीपर्यंतही जाईना, आणि बेकरीवाल्याने पावाला पेट्रोलचा वास लागेल म्हणून खिडकी लावून घेतली. सुया पुन्हा जुन्या घातल्या. शेवटी फिल्टर उतरवून चेपक्या कोपऱ्याचा डबा त्याच्या जुन्या गॅस्केटसह चढवला. ताई मुकाट निळ्या दारापर्यंत गेली.

म्हणजे निकाल लागला. फिल्टरच वाईट. मास्तरांना वाईट वाटलं आणि त्याच्या तळाशी जरा बरंही वाटलं, कारण डबा जिंकला होता.

त्या आठवड्यात व्याह्यांचा फोन आला. “काय म्हणतात फिल्टर?”

“आवाज फार सुरेख आहे,” मास्तर म्हणाले. ते खोटं नव्हतं.

“मी म्हटलं नव्हतं? आणि ओढ?”

“ओढीचं बघतोय अजून. बेकरीवाल्यालासुद्धा जाणवलं.”

पाठोपाठ लेकीचा फोन. “बाबा, तुम्ही नक्की लावलेत ना? इथे रोज जेवताना विषय निघतो. सासूबाई म्हणाल्या, फिल्टरला आता वेगळं ताट वाढते.”

मास्तरांनी फोन ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. तिला सगळं माहीत होतं.

“सांगून टाका की,” ती म्हणाली.

“काय सांगू? तुम्ही दिलेली वस्तू टाकाऊ आहे?”

“गाडीला मानवत नाही म्हणा. पोरांना नाही का क्लोरीन मानवत नाही.”

“आपली पोरगी त्या घरात राहते.”

“घरात राहते ना? फिल्टरमध्ये नाही राहत.”

“मी म्हणतो, त्या दिवशी फिल्टर लावूनच जावं. सगळा चढ दुसऱ्या गिअरमध्ये नेईन.”

“आणि ते शेजारी बसून काय, गिअर मोजणार नाहीत? त्यापेक्षा डबा लावा आणि ते दोन बोनेटवर शिंगांसारखे बसवा.” ती टॉवेल वाळत घालायला निघाली, मग दारातून वळून म्हणाली, “मला गाडीतलं कळत नाही. पण ती चढावर जाते ना, तेव्हा तोंड उघडं टाकून नाक दाबून धरल्यासारखी वाटते.”

मास्तरांनी ते ऐकलं आणि बायकोच्या नेहमीच्या टोमण्यांत जमा केलं.

चढाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्यांनी व्याह्यांना दुकानात बोलावलं. हाताशी काम असलं की बोलणं सोपं जातं, म्हणून एका टॅक्सीच्या मागच्या सीटचं रेक्झीन टेबलावर पसरून ठेवलं. फिल्टर खोक्यात घालून टेबलाच्या कडेला ठेवले होते. व्याह्यांची नजर आल्या आल्या तिथेच गेली.

“उतरवले?”

“उतरवले.” मास्तरांनी खडू हातात घेतला. “व्याहीबुवा, तुम्ही एवढ्या हौसेने आणलेत. पण ताईला ते मानवत नाहीत. बेकरीच्या पुढे जात नाही ती. मी तीनतीनदा बघितलं.”

व्याह्यांनी खोक्याचं झाकण उघडलं, बंद केलं. औषधाच्या दुकानात नको असलेली गोळी परत घेताना माणसं करतात तसा चेहरा त्यांनी केला, म्हणजे कुठलाच केला नाही. “हरकत नाही. गाडीला मानवत नाही तर नाही. शोकेसमध्ये छान दिसतील.”

“तसं नाही हो—”

“नाही, नाही. अगदी हरकत नाही.”

मास्तरांनी सीटचा साचा उचलला, रेक्झीनच्या मागच्या, कापडी बाजूवर ठेवला आणि खडूने त्याच्या कडेकडेने रेघ मारायला सुरुवात केली.

काहीतरी बोलायचं म्हणून व्याह्यांनी विचारलं, “साचा उलटा ठेवलात का?”

“उलटाच ठेवतात. चांगल्या बाजूवर खडूचे डाग नकोत, म्हणून खूण मागून करायची. मग कापलेला तुकडा पलटवला की सगळं आपोआप जागेवर—”

मास्तर थांबले. खडू टेबलावर ठेवला. मग उठून खोका ओढला, फिल्टर बाहेर काढला आणि त्याच्या बुडाला चिकटलेलं गॅस्केट नखाने सोडवलं.

“काय झालं?” व्याह्यांनी विचारलं.

“चला, शेडमध्ये.”

शेडमध्ये बोनेट वर झालं, डबा उतरला. मास्तरांनी गॅस्केट कार्ब्युरेटरच्या तोंडावर धरलं, जसं बसवलं होतं तसं. बोल्टची दोन्ही भोकं बरोबर जुळत होती. ती कशीही धरली तरी जुळतात, म्हणूनच संशय येत नाही. पण कार्ब्युरेटरच्या तोंडाशी एका कडेला आणखी दोन बारीक भोकं असतात, आणि ती कागदाखाली झाकली गेली होती. गॅस्केटमधली दोन बारीक भोकं विरुद्ध कडेला होती, कोऱ्या धातूवर.

या कार्ब्युरेटरच्या पोटात एक सरकता पिस्टन असतो. इंजिनाने जोर मागितला की तो वर उचलला जातो आणि हवेची वाट रुंद होते. पण तो उचलायचा तर त्याच्याखाली बाहेरची हवा शिरावी लागते, आणि ती त्याच दोन बारीक भोकांतून शिरते. ती बुजली की पिस्टन दबून राहतो, हवा अडते, पेट्रोल मात्र येत राहतं. म्हणून प्लग काळे.

गॅस्केटच्या कागदाला पुढची बाजू आणि मागची बाजू नसते. तरी मास्तरांच्या हातांनी आयुष्यभराच्या सवयीने साचा उलटा ठेवला होता. आणि कागद दोन्हीकडून सारखाच दिसत असल्यामुळे कापल्यावर पलटवायचं राहून गेलं होतं.

“फिल्टर चांगले आहेत,” मास्तर म्हणाले. “मी सीट कापल्यासारखं गॅस्केट कापलं.”

व्याह्यांना ते समजायला क्षणभर लागलं. मग ते मडगार्डला हात टेकून हसायला लागले. हसता हसता बोनेटची काठी निसटेल म्हणून मास्तरांनी ती धरून ठेवली.

“म्हणजे नाक दाबून ठेवलं होतं तिचं!”

“असं आमच्या घरात एकजण म्हणाली होती,” मास्तर म्हणाले. “तिला आत्ता सांगू नका.”

दोन्ही गॅस्केट नुसती पलटवली आणि फिल्टर पुन्हा चढले. शनिवारी दुपारी रस्त्यावर वर्दळ असते, पण दोघांनाही धीर निघेना. बसथांब्यापासून तिसरा गिअर. बेकरी गेली, दातांच्या डॉक्टरांची पाटी गेली, आणि निळ्या दारापाशी ताई कण्हायला लागली.

“म्हणजे डब्याइतकंच?” व्याह्यांनी ओरडून विचारलं. ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं.

“डब्याइतकंच.”

“पण आवाज बघा!”

खाली येऊन मास्तरांनी त्या नव्या सुया पुन्हा घातल्या. आता हवा खरंच जास्त येत होती, तेव्हा जास्त पेट्रोल मागायला तिला तोंड होतं. या वेळी निळं दार तिसऱ्याच गिअरमध्ये मागे पडलं. लॉन्ड्रीवाल्या बाई इस्त्री हातात घेऊनच बाहेर आल्या. शाळेच्या फाटकाशी मास्तरांनी दुसरा गिअर टाकला, आणि तोही फाटकातून मुलं बाहेर येत होती म्हणून.

रविवारी सकाळी गारवा होता. खाणीच्या चढावर व्याही मांडीवर हात ठेवून, डोळे मिटून बसले होते. शेवटचं वळण आलं, नेहमीच्या धापेची जागा आली, आणि ताई ती जागा ओलांडून सरळ वर गेली. घड्याळवाल्याने वेळ सांगितली ती फिल्टरच्या आवाजात कुणालाच ऐकू आली नाही, आणि पुन्हा विचारायला कुणी गेलं नाही.

वर चहा झाला. परतताना खाली उतरणाऱ्या गाड्यांची रांग लागली. उन्हं वर आली होती. ताई जागच्या जागी तापत उभी राहिली आणि हळूहळू अडखळायला लागली, दोनदा बंद पडली. बोनेटखालची गरम हवा तिच्या तोंडात जात होती. मास्तरांना हे आधीपासून माहीत होतं. त्यांनी स्टिअरिंगवर बोटं वाजवली.

“व्याहीबुवा, एक बोलू?”

“बोला ना.”

“चढाला हे फिल्टर. दरवर्षी हेच. पण रोजच्याला मी डबाच लावणार. गावातल्या धुळीत आणि गर्दीत तोच बरा. म्हणजे, रोजच्याला हे नको.”

हे ‘नको’ म्हणजे दोन घरांमधलं पहिलं ‘नाही’ होतं. म्हणून झाल्यावर मास्तर पुढच्या गाडीच्या नंबर प्लेटकडे बघत राहिले.

“अहो, मग ठीकच आहे,” व्याही म्हणाले. “मीसुद्धा डबाच लावतो.”

“म्हणजे?”

“दोन जोड्या घेतल्या होत्या. एक तुम्हाला, एक मला. माझी कपाटात आहे. बायको म्हणाली, हे लावून दारात गाडी सुरू केलीत तर मी माहेरी जाईन.” ते थोडे खाजगी आवाजात म्हणाले, “तुमच्या घरी चालतील असं वाटलं. विहीणबाईंचा आवाज तसाही मोठा आहे.”

रांग पुढे सरकली. मास्तरांनी गाडी पुन्हा सुरू केली. हसू दाबायचा त्यांनी प्रयत्न केला, पण फार नाही.

सोमवारी सकाळी लेकीने फोन केला तेव्हा मास्तर कामात होते. सुया जुन्या घातल्या होत्या, डबा जागेवर बसला होता, आणि लाल फिल्टर धुऊन, हलका हात फिरवून तेल लावून, रेक्झीनच्या शिवलेल्या पिशवीत फळीवर गेले होते. पिशवीत दोन्ही गॅस्केटही होती. त्यांच्यावर मास्तरांनी जाड पेनाने ‘ही बाजू वर’ असं लिहिलं होतं.

“बाबा, सासरे विचारतायत, पुढच्या वर्षी दोघांनी मिळून एकच गाडी न्यायची का?”

“हो म्हणावं,” मास्तर म्हणाले, आणि टॅक्सीच्या सीटच्या साच्यावर हात ठेवून त्यांनी तो रेक्झीनवर उलटा पसरला.